शहर चालवायचं कुणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखादा देश स्वतंत्र होतो तेव्हा झेंडा, राष्ट्रगीत, घटना, सैन्य यांची चर्चा पुष्कळ होते. गटारांची होत नाही. आज मला गटारांविषयीच बोलायचं आहे. गोष्ट पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियाची आणि तिथल्या दार-ए-सलाम या बंदराच्या शहराची आहे. या देशाने स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांतच आपल्या शहरांच्या नगरपालिका बंद करून टाकल्या. पुढे त्या परत आणाव्या लागल्या. असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे.

टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला. १९६४ मध्ये झांजिबार त्याला जोडला गेला आणि टांझानिया हे नाव आलं. आधीच्या जर्मन आणि इंग्रज राजवटीत दार-ए-सलामचे तीन भाग पडले होते. समुद्राकाठी प्रशस्त बंगल्यांची गोऱ्यांची वस्ती. तिच्यामागे दुकानांची, दाटीवाटीची हिंदी लोकांची वस्ती. तिला आजही ‘उहिंदिनी’ म्हणतात. तिथले बहुतेक व्यापारी गुजराती. आणि त्यापलीकडे आफ्रिकनांचं करियाकू. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या ‘कॅरियर कोअर’चा, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांचा, तळ तिथे होता. त्या इंग्रजी नावाचंच करियाकू झालं. पाणी, दिवे, पक्के रस्ते हे सगळं याच उतरंडीने मिळत असे.

आफ्रिकन माणसाने शहरात येऊन राहण्यावर परक्या सरकारचे निर्बंध होते. स्वातंत्र्याबरोबर ते गेले आणि लोक येऊ लागले. १९६७ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे पावणेतीन लाख होती. १९७८ मध्ये ती साडेसात लाखांच्या वर गेली होती. अकरा वर्षांत शहर पावणेतीनपट झालं! एवढ्यांना घरं देणं गरीब सरकारला शक्य नव्हतं. लोकांनी ती स्वतःच बांधली. मांझेसेसारख्या वस्त्या अशाच उभ्या राहिल्या. मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मागे अंगण आणि अंगणात खड्ड्याचा संडास, असं तिथलं घर. एका खोलीत मालक, बाकीच्या भाड्याने. घर झालं, पण गटार, रस्ता, मैला उपसणारी गाडी या गोष्टी एकट्याने करता येत नाहीत. त्यासाठीच तर नगरपालिका असते.

नेमकी तीच काढून घेतली गेली. राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे प्रामाणिक, साधे राहणारे नेते होते. देशातली बहुसंख्य जनता खेड्यांत आहे, तेव्हा पैसाही आधी खेड्यांत गेला पाहिजे, ही त्यांची धारणा होती. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यात तीच दिसते. ती चूक होती असं मी म्हणणार नाही. १९७२ मध्ये त्यांनी विकेंद्रीकरणाची योजना आणली. कारभार राजधानीतून लोकांजवळ न्यायचा, हा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात मात्र लोकांनी निवडलेल्या जिल्हा परिषदा गेल्या, १९७४ पर्यंत शहरांच्या परिषदाही गेल्या आणि त्यांच्या जागी वरून नेमलेले अधिकारी आले. सत्ता राजधानीतून निघाली खरी, पण ती लोकांपर्यंत न पोचता साहेबाच्या टेबलापाशी थांबली.

शेती पाहणाऱ्या यंत्रणेकडेच आता शहरातले रस्तेही आले. गटार तुंबलं तर अधिकाऱ्याची फार तर बदली होणार. त्या गटारापायी निवडणूक हरण्याची भीती कुणालाच उरली नाही. गाड्या बिघडल्या त्या बिघडलेल्याच राहिल्या. पावसाळ्यात संडासाचे खड्डे भरून वाहू लागले. १९७७ मध्ये देशात कॉलऱ्याची साथ आली. ही साथ त्या काळात जगातल्या अनेक देशांत फिरत होती, तिचा सगळा दोष एका निर्णयावर टाकता येणार नाही. पण नगरपालिकांशिवाय शहरांची काय अवस्था झाली आहे, हे तिने उघडं पाडलं. १९७८ मध्ये शहरांच्या परिषदा परत आणण्याचा तात्पुरता कायदा झाला, १९८२ मध्ये पक्का कायदा झाला आणि १९८४ पासून निवडलेली स्थानिक सरकारं पुन्हा काम करू लागली.

पुढे स्वतः न्येरेरेंनी मोकळेपणाने सांगितलं, की पुन्हा सुरुवात करायची झाली तर स्थानिक संस्था आणि सहकारी संस्था मोडण्याची चूक आपण करणार नाही. सत्तेवरच्या माणसाची अशी कबुली विरळाच.

मंडळी, गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण संस्था मोडायला एक हुकूम पुरतो, उभी करायला पिढी जाते. मधल्या काळात जाणते कर्मचारी पांगले होते, कर गोळा करण्याची घडी विस्कटली होती आणि शहर काही थांबलं नव्हतं. १९८३ मध्ये बेकारांना पकडून खेड्यांत धाडण्याचा कायदाही करून पाहिला. लोक परत शहरातच आले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कचऱ्याचा अगदी थोडा भाग उचलला जात होता. १९९६ मध्ये नाकर्तेपणाच्या ठपक्यावरून शहराची परिषद पुन्हा बरखास्त झाली आणि सरकारनियुक्त आयोग आला. आयोगाने काही कामं मार्गी लावली, हेही खरं. २००० मध्ये शहराच्या तीन नगरपालिका झाल्या, पुढे पाच. २०२१ मध्ये सबंध शहराची परिषद पुन्हा एकदा बरखास्त करण्यात आली. २०२२ च्या जनगणनेत दार-ए-सलामची वस्ती ५३ लाखांवर गेली होती.

आपल्याकडेही ‘प्रशासक’ हा शब्द अनोळखी नाही. निवडून आलेली माणसं भांडतात, वेळ घालवतात, कधी पैसेही खातात. मग एखादा कडक अधिकारी बरा, असं आपणही चहा पिताना म्हणतोच. मीही म्हटलं आहे. दार-ए-सलामची हकिकत वाचल्यापासून मात्र जीभ अडखळते. अधिकारी चांगला असेल तर काम होईल. तो चांगला नसेल तर काय करायचं, याचं उत्तर त्या व्यवस्थेत नसतं. वाईट नगरसेवकाला निदान पाच वर्षांनी आपल्या दारात यावं लागतं. तेव्हा त्याला तुंबलेल्या गटारापाशी उभं करून जाब विचारता येतो. तेवढा हक्क तरी आपण हातचा जाऊ देऊ नये.