सोबत शिकणारा कुणीतरी

परिषदेसाठी देशोदेशींहून आलेले प्रतिनिधी आणि पडद्यावरून सामील झालेले मित्र, सर्वांचे नाशिकमध्ये स्वागत समितीतर्फे मनापासून स्वागत! यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये याच शहरात सुरू झाले. अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र हे शब्द इथे घरोघरी ठाऊक आहेत.

दूरशिक्षणात पुस्तक घरपोच येते, सोबत अभ्यास करणारा येत नाही. हे दुखणे जुनेच. ऑस्ट्रेलियात १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जहून ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाले, तेव्हा दूरदूरच्या वस्त्यांवरच्या मुलांना रेडिओवरून धडे मिळू लागले. सुरुवातीला बाई बोलत, मुले ऐकत. लवकरच धड्याच्या शेवटी प्रश्नोत्तरे जोडावी लागली. तिकडच्याच वाळवंटात, अशाच रेडिओशाळेत शिकलेल्या मार्टिन डूगियामास यांनी पुढे २००२ मध्ये ‘मूडल’ हे ऑनलाइन शिक्षणाचे सॉफ्टवेअर जगाला मोफत दिले. चर्चामंच, विकी, एकमेकांचे काम तपासण्याची सोय, सारे त्यात आहे.

पण सोय असली म्हणून कोणी बोलतोच असे नाही. ‘चर्चा करा’ एवढेच सांगितले, की मंचावर ‘छान’ आणि ‘सहमत’ यांची रांग लागते. बोलण्याची गरज कशी निर्माण करावी, हे ‘कॉइल’मध्ये, म्हणजे सहयोगी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय शिक्षणात दिसते; न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये त्याचे केंद्र काढले. या पद्धतीत दोन देशांतले शिक्षक अभ्यासक्रमाचा काही भाग मिळून आखतात. मुले आधी ओळख करून घेतात, मग एकच प्रकल्प दोघांनी पुरा करायचा. दुसऱ्यावाचून काम अडले, की बोलणे आपोआप होते.

घड्याळाचेही भान हवे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा वाजतात, तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. दरवेळी व्हिडिओ कॉलचाच हट्ट धरला, तर कुणाची तरी झोपमोड ठरलेली. त्यापेक्षा सामायिक फाइलमध्ये एकाने रात्री लिहावे, दुसऱ्याने त्याच्या सकाळी खोडावे. नेटवर्क अडखळणाऱ्याला आणि इंग्रजीला बिचकणाऱ्यालाही त्यात उसंत मिळते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले ते क्यूआर कोडच्या पुस्तकांमुळे, एवढेच अनेकांना आठवते. त्यांचा ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ उपक्रम आपल्या विषयाला जास्त जवळचा. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा वैर असलेल्या भागांतल्या मुलांच्या जोड्या लावायच्या आणि सहा आठवडे दोघांनी मिळून सादरीकरणे तयार करायची, असा तो बेत.

म्हणूनच या परिषदेत पडद्यावरच्या प्रतिनिधींना नुसते प्रेक्षक ठेवलेले नाही. प्रत्येक कार्यगटात निम्मे सदस्य सभागृहातले, निम्मे दूरवरचे आहेत आणि अहवालाची फाइल सर्वांना खुली आहे. गटांची यादी दुपारच्या चहाआधी दाराशी लागेल, पडद्यावरही दिसेल. चहा मात्र तिकडे पोचवता येणार नाही, त्याबद्दल समिती दिलगीर आहे.