रेहेकुरीची सहल



गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जण राहुरीहून रेहेकुरीला गेलो. कर्जत तालुक्यातलं हे काळवीट अभयारण्य १९८० सालचं; क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर.

एका मित्राची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगतो. पत्नी गेल्यापासून तो घराबाहेर पडत नव्हता. आम्ही गाडी सरळ त्याच्या दारात नेली. नगरला चहा झाला, तरी गप्पच.

काळविटाला दाट जंगल नको, मोकळं माळरान लागतं. समोर कळप चरत होता. माद्या तांबूस, बिनशिंगी. नर काळाभोर, पिळदार शिंगांचा. एक मादी उसळली आणि मागोमाग अख्खा कळप उड्या मारत निघाला.

"अरे, पीटीच्या तासाला आपण असेच पळायचो की!" तो म्हणाला. मग राहुरी येईपर्यंत तोच बोलत होता. वहिनींच्या आजारपणाबद्दलही, पहिल्यांदाच.

आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय. काही खुर्च्या मात्र रिकाम्या आहेत. काही जण आता कधीच येणार नाहीत. पण पत्रिका मिळूनही ज्यांचा पाय घरातून निघाला नाही, त्यांच्या दारात कोणीतरी जायला हवं. गाववार यादी आजच करू. वांबोरी आणि सोनईची नावं माझ्याकडे द्या.