चुकणारा बाप : रंगभूमीवरचा आणि घरातला
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली आणि विषय निवडण्याची मोकळीकही मिळाली. आपल्या दुपारच्या वाचनात या वर्षी तीन नाटके झाली. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’, वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आणि विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’. तिन्हींच्या शेवटी आपले डोळे ओले झाले आणि तिन्हींच्या शेवटी आपल्यात वादही झाला. कोणी म्हणाल्या, ‘बिचारा बाप!’ कोणी म्हणाल्या, ‘बिचारा कसला? त्यानेच तर घर बुडवले!’ तो वाद अजून मिटलेला नाही, म्हणून तोच आज पुढे घेते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शोकांतिकेची व्याख्या विद्वानांनी करावी. मी आपली, चूल सांभाळता सांभाळता जे दिसले ते सांगते.

पूर्वीच्या शोकनाटकांत नायक राजा असे. शेक्सपिअरचा लिअर राजा मुलींना राज्य वाटून देतो आणि पुढे रानोमाळ भटकतो. राजा पडला की राज्य हादरते, म्हणून ती गोष्ट मोठी. नवीन नाटककारांनी तो मुकुट काढून ठेवला आणि नायक आपल्या ओसरीवर आणून बसवला. आता तो वकील आहे, नट आहे, सार्वजनिक कार्यकर्ता आहे, आणि कोणाचा तरी बाप आहे. तो पडला तर राज्य हादरत नाही, पण चार माणसांचे घर हादरते. आपल्यासारखीला घर हेच राज्य, तेव्हा आपल्याला ती पडझड लहान वाटत नाही.

पहिला बाप ‘एकच प्याला’मधला सुधाकर. हे नाटक रंगभूमीवर आले 1919 साली. त्याच वर्षाच्या जानेवारीत गडकरी वारले होते, त्यामुळे त्यांना ते पाहता आले नाही. गंधर्व नाटक मंडळीने ते केले. बालगंधर्वांसारखा भरजरी शालूंसाठी नावाजलेला नट ठिगळे लावलेले लुगडे नेसून सिंधू म्हणून उभा राहिला, याची आठवण जुनी माणसे कितीतरी वर्षे काढीत. सुधाकर हा काही जन्माचा दारुडा नव्हे. पोरकेपणातून स्वतःच्या हिमतीवर वर आलेला, बुद्धिमान, मानी वकील. कोर्टात त्याचा अपमान होतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते, आणि ते दुःख विसरायला तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. मध्ये तो दारू सोडतोसुद्धा! नोकरी मागायला बाहेर पडतो, पण लोक जुने नाव काढून त्याला हिडिसफिडीस करतात, आणि तो पुन्हा त्या प्याल्याकडे वळतो. ज्या स्वाभिमानाने त्याला वर आणले, त्याच स्वाभिमानाला अपमान सोसला नाही. शेवटी दारूच्या धुंदीत त्याच्याच हातून त्याचे तान्हे मूल जाते.

दुसरा बाप ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर, आपले अप्पा. हे नाटक 1970 साली आले. डॉ. श्रीराम लागूंनी अप्पा केले आणि शांता जोग यांनी कावेरी. 2016 साली नाना पाटेकरांचा चित्रपट निघाला, तो तर आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिला आहे. अप्पांना व्यसन नाही घडले, त्यांना उदारपणाने घेरले. रंगभूमीवर आयुष्यभर राजा झालेला माणूस घरातही राजासारखेच दान करतो. सगळे काही मुलगा आणि मुलगी यांना वाटून मोकळा होतो. मग मुलाच्या घरी राहायचे, तर राजा पाहुणा होत नाही. आवाज खाली येत नाही, जिभेला लगाम नाही, सुनेच्या घराला सुनेची शिस्त असते हे पटत नाही. तिथून मुलीकडे. तिथे पैसे हरवतात आणि पोटच्या मुलीचा संशय बापावर येतो. पुढे कावेरी जाते आणि अप्पा रस्त्यावर येतात. बुटांना पॉलिश करणारा एक पोरगा त्यांना आसरा देतो. मुले शोधत येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. मुलगा-सून दुष्ट म्हणून हे झाले असे आपण पटकन म्हणतो. पण नाटक नीट वाचले तर शिरवाडकरांनी अप्पांची बाजू घेताना त्यांचा दोष झाकलेला नाही.

तिसरा बाप ‘कन्यादान’मधले नाथ देवळालीकर. नाटक 1983 सालचे. नाथ समाजवादी विचारांचे, विधानपरिषदेत बसणारे, घरातही लोकशाही चालवणारे. दारू नाही, आरडाओरडा नाही. मुलगी ज्योती एका दलित कवीशी लग्न ठरवते. ओळख थोड्या दिवसांची. आई सेवा आणि भाऊ म्हणतात, जरा थांब. नाथांना मात्र आनंद होतो, की जात मोडण्याचे आपण भाषणात सांगत आलो ते आपल्याच घरात घडते आहे! पुढे ज्योतीला मारहाण होते. जावयाच्या पुस्तकावरच्या सभेत नाथ मनाविरुद्ध स्तुतीचे भाषण करून येतात, का, तर मुलीचे हाल वाढू नयेत. तो खोटेपणा मुलगीच बापाच्या पदरात टाकते. जी तत्त्वे तुम्ही शिकवली त्यांनीच माझे परतीचे दार बंद केले, असा तिच्या बोलण्याचा रोख असतो. इथे एक सांगते, त्या जावयावरून कोणी एका समाजाचे माप काढू नये. बायकोवर हात उगारणारा सर्व जातींत आहे, आणि सुधाकर तर चांगल्या घरातला वकील होता.

आता या तिघांना एका ओळीत मांडून पाहा. एकाचा स्वाभिमान, दुसऱ्याचा दिलदारपणा, तिसऱ्याची तत्त्वनिष्ठा. यातला एक तरी दुर्गुण आहे का? याच गुणांसाठी आपण माणसाला नमस्कार करतो. मीठ चांगलेच, पण हात सैल सुटला की सगळी आमटी टाकून द्यावी लागते. माझ्या मते या बापांचे मोठेपण आणि त्यांचा नाश एकाच मुळातून येतात, म्हणूनच ते नायक ठरतात. नुसता वाईट बाप असता तर आपण त्याला शिव्या दिल्या असत्या. नुसता चांगला असता तर हळहळून उठलो असतो. दोन्ही एकाच माणसात दिसतात, आणि तो माणूस आपल्या वडिलांसारखा, नवऱ्यासारखा दिसतो, म्हणून घशात आवंढा येतो.

पण भगिनींनो, माझे खरे सांगणे याच्या पुढे आहे. बाप चुकतो, त्याची किंमत कोण देते? सुधाकराच्या मानासाठी सिंधू जात्यावर दळणे दळते, श्रीमंत माहेरची मदत घेत नाही. मरताना फौजदारापुढे खोटे सांगते, की नवऱ्याने मारले नाही, मीच पडले. अप्पांच्या दानानंतर एका घरातून दुसऱ्या घरात जाताना गाठोडे कावेरीही उचलते. नाथांच्या तत्त्वासाठी मार ज्योती खाते आणि रात्रीची झोप सेवेची उडते. रंगमंचावर मोठी भाषणे बापाची होतात. हिशेब मात्र आईच्या आणि मुलीच्या नावावर पडतो.

1919 साली सिंधूचे ते शेवटचे बोलणे ऐकून लोकांनी तिला पतिव्रता म्हणून हात जोडले. मीही तिच्या मायेला हात जोडते. पण मनात येते, की पहिल्या प्याल्याच्या दिवशीच घरातल्या चार माणसांनी सुधाकराला धरून बसवले असते तर? तिने सोसले, तेवढेच मोठ्याने बोलली असती तर? बाळ वाचले असते, आणि कदाचित सुधाकरही. घरात ‘ते वडील आहेत, त्यांना काही बोलायचे नाही’ अशी जी आपली रीत आहे, ती बापाला जपते असे आपल्याला वाटते. खरे पाहता ती त्याला कड्यापर्यंत एकटे चालू देते.

सिंधूच्या वेळी तिला विचारणारे कोणी नव्हते. आज 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. मारहाण होत असलेल्या बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क त्यात मागता येतो. अप्पांसारख्यांसाठी 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते देणे रद्द करून मागता येते. पण ती अट कागदावर स्पष्ट लिहून घेतलेली बरी, हे प्रत्येकीने घरी जाऊन सांगावे. मायेपोटी द्यावे, पण कागद करून द्यावे. त्यात माया कमी होत नाही.

कायदा दाराशी येतो, घराच्या आत बोलायचे आपणच. आपल्यातल्या अनेकींच्या घरी सुधाकराचा, अप्पांचा किंवा नाथांचा थोडा अंश असेल. त्याला देव्हाऱ्यात बसवू नये आणि उंबऱ्याबाहेरही लोटू नये. जेवताना शेजारी बसून, आवाज न चढवता, पण शब्द न गिळता सांगावे : तुमचे मन मोठे आहे हे आम्हाला ठाऊक आहे, पण इथे तुम्ही चुकत आहात. नाटकात ही वेळ टळून गेलेली असते, म्हणून ती शोकांतिका होते. आपल्या घरात बहुतेक वेळा ती अजून टळलेली नसते.