घरपट्टीतील ग्रंथालय

नगरपालिकेच्या घरपट्टीचे बिल हा काही आवडीने वाचण्याचा मजकूर नव्हे. एकूण रक्कम पाहावी, थोडी कुरकुर करावी, पैसे भरावेत आणि पावती जपून ठेवावी, एवढाच सामान्य नागरिकाचा त्याच्याशी संबंध. परंतु बेळगाव किंवा हैदराबाद येथील घरमालकाने हा हिशेब जरा निरखून पाहिला, तर ग्रंथालय उपकर म्हणून एक लहानशी रक्कम त्यात धरलेली त्याला आढळेल. कर्नाटकात मालमत्ता कराच्या रुपयामागे ६ पैसे, तर तेलंगणात ८ पैसे असा हा उपकर आहे. रक्कम क्षुल्लक खरी. पण तिच्यामागे उभा असलेला विचार मोठा आहे. तो असा की, शहराला जसे पाणी आणि दिवे लागतात तशीच पुस्तकेही लागतात, आणि त्यांचा खर्च सर्वांनी मिळून सोसला पाहिजे.

हा विचार सहजासहजी मान्य झालेला नाही. इंग्लंडमध्ये विल्यम युअर्ट यांच्या प्रयत्नाने १८५० साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, तेव्हा त्याला कडवा विरोध झाला. कर्नल सिब्थॉर्प नावाच्या सभासदाने तर आपल्याला वाचनाची मुळीच आवड नाही आणि विद्यार्थिदशेतही नव्हती, असे भर सभागृहात सांगितले. अखेर दहा हजारांवर वस्तीच्या शहरांना पौंडामागे अर्धा पेनी कर बसविण्याची मुभा मिळाली. तीही करदात्यांपैकी दोनतृतीयांश मतदारांनी कौल दिला तरच. गंमत अशी की, या पैशातून इमारत बांधता येई, नोकरांचे पगार देता येत, परंतु पुस्तके मात्र विकत घेता येत नसत! ती कोणी दानशूर देईल, अशी कायदा करणाऱ्यांची अपेक्षा होती. १८५५ साली ही चूक सुधारली आणि कराची मर्यादा एक पेनी झाली. मँचेस्टरच्या करदात्यांनी या कराच्या बाजूने ३,९६२ आणि विरुद्ध अवघी ४० मते दिली होती. त्या शहराच्या ग्रंथालयासाठी गिरणी-कारखान्यांतील कामगारांनीही आपल्या तुटपुंज्या मजुरीतून वर्गणी दिली होती.

पुढे अँड्र्यू कार्नेगी या धनाढ्याने जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयांच्या इमारती उभारून दिल्या. परंतु त्याची एक अट असे. गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या सुमारे एकदशांश रक्कम दरवर्षी सार्वजनिक निधीतून ग्रंथालयाच्या चालू खर्चासाठी बाजूला काढावी. दान इमारत बांधते, पण ती चालविण्यासाठी कर लागतो, हे त्या दात्यानेच ओळखले होते.

भारतातही हा प्रश्न निरनिराळ्या मार्गांनी सोडविला गेला. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. तेथे रूढ झालेली पद्धत मोठी मार्मिक होती. गावाने काही रक्कम उभी केली की तितकीच स्थानिक मंडळाने आणि तितकीच सरकारने घालावयाची. गावाच्या खिशातून काही निघाल्यावाचून तिजोरी उघडत नसे. देशातील पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला. उपकराचे तत्त्व मात्र आले ते १९४८ सालच्या मद्रासच्या कायद्याने. डॉ. रंगनाथन यांच्या प्रेरणेने झालेल्या या कायद्यात मालमत्ता कराच्या रुपयामागे सहा पै ठरविण्यात आल्या. महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला, परंतु उपकर बसविला नाही. संस्थांनी चालविलेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. गोव्याच्या १९९३ सालच्या कायद्याने मद्यावर अधिभार बसवून ग्रंथालयाची तरतूद केली. बाटलीने पुस्तकाचे ऋण फेडावे, ही कल्पना विनोदी वाटली तरी निरर्थक नाही.

मी वाचत नाही, मग मी पैसे का द्यावेत, असा प्रश्न करणारे लोक प्रत्येक गावात असतात. ज्याला मूलबाळ नाही तोही शाळेचा खर्च सोसतो, आणि ज्याच्या घराला कधी आग लागली नाही तोही अग्निशामक बंबाचा खर्च सोसतो, हे त्याचे उत्तर. दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. हा कर घरावर असल्यामुळे तो केवळ श्रीमंतांचा, असे दिसते. परंतु भाड्याच्या खोलीत राहणारा कारकून आणि मजूर भाड्याच्या रूपाने त्याचा वाटा उचलतच असतो. त्याचे नाव कोणत्याही संगमरवरी पाटीवर कोरले जात नाही. शुभवर्तमानातील त्या गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन दमड्यांप्रमाणे त्याचे देणेही कोणाच्या नजरेत भरत नाही. म्हणूनच त्याचा हक्क सर्वांत आधी जपला पाहिजे.

दान आणि कर यांतील भेद येथेच स्पष्ट होतो. दानावर चालणाऱ्या वाचनालयात वाचक हा पाहुणा असतो, तर करावर चालणाऱ्या ग्रंथालयाचा तो भागीदार असतो. पाहुण्याने आभार मानावेत, भागीदाराने हिशेब मागावा. आणि हिशेब मागण्यासारखे पुष्कळ आहे. वसूल झालेला उपकर ग्रंथालयांकडे वेळेवर पोहोचत नाही, तो वर्षानुवर्षे थकतो, अशी तक्रार कर्नाटकात आणि तेलंगणात वारंवार झाली आहे. ज्या कामाचे नाव सांगून पैसा घेतला, त्या कामी तो लागला नाही, तर उपकर या शब्दाला अर्थच उरत नाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाने तर या गोष्टीचा विशेष विचार करावा. पिढ्यान्‌पिढ्या त्याने वर्गणी जमवून स्वतःची वाचनालये चालविली. त्याविषयीचा अभिमान योग्यच आहे. परंतु जेथे उपकर आहे, तेथे तो वर्गणीही देतो आणि उपकरही देतो, म्हणजे पुस्तकांसाठी दोनदा खर्च करतो. असे असता सरकारी ग्रंथालयात मराठी पुस्तकांची मागणी नोंदविण्यास त्याने संकोच का करावा? ती याचना नव्हे, तक्रारही नव्हे. कानडी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याइतकाच त्याचाही पैसा त्या कपाटात आहे. म्हणून शेजाऱ्याच्या पुस्तकांशेजारी त्याचेही पुस्तक असावे, एवढेच त्याचे म्हणणे.

जे ग्रंथालयाचे, तेच उद्यानाचे आणि क्रीडांगणाचे. राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांच्या कामांत उद्याने व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तरी करमणुकीवर कर बसविण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार घटनेने राखून ठेवला आहे. नाटक-तमाशावर घेतलेला कर मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी खर्च व्हावा, अशी मागणी नागरिकांनी केल्यास ती न्यायाचीच होईल. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी बसावयास झाडाखाली एक बाक आणि वाचावयास एक पुस्तक मिळावे, ही काही चैन नव्हे.

तेव्हा पुढील वेळी घरपट्टी भरताना श्रोत्यांनी त्या लहानशा रकमेवर क्षणभर बोट ठेवावे. यंदा किती उपकर जमला, ग्रंथालयाला किती पोहोचला, त्यातून कोणत्या भाषेतील किती पुस्तके आली, हे तीन प्रश्न आपल्या नगरसेवकाला सभ्यपणे विचारावेत. उत्तर मिळेपर्यंत ते पुन्हापुन्हा विचारावेत. कर भरणे हे नागरिकाचे अर्धे कर्तव्य आहे. उरलेले अर्धे या प्रश्नांत आहे.