तीन मिनिटांची मैफल

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं आवरून-सावरून)



 जेवणाआधीचं भाषण म्हणजे काय संकट असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पूर्वीच्या लाखेच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटं चालायची. मला पंधरा मिनिटं दिली आहेत. म्हणजे पाच बाजू. सुई अडकली तर खुशाल टाळ्या वाजवा!

आजचा निधी महाराष्ट्रातल्या उतारवयातल्या कलावंतांच्या औषधपाण्यासाठी आहे. म्हणून म्हटलं, ज्यांचा आवाज घरोघरी पोचला, त्या जुन्या रेकॉर्डवाल्या गायक-गायिकांबद्दलच बोलावं.

सुरुवात १९०२ पासून करू. त्या वर्षी लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग हा माणूस यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्याला उतरला. मायक्रोफोन नव्हताच. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून, जीव तोडून गायचं आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढणार, अशी सगळी तऱ्हा. गौहरजान तेव्हा गायल्या आणि गाणं संपल्यावर त्यांनी आपलं नाव इंग्रजीत खणखणीत उच्चारलं. पुष्कळांना तो नखरा वाटतो. पण त्यामागे व्यवहार होता. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कामगाराला कुठली ठुमरी कोणाची, हे कसं कळणार? म्हणून गायकाने शेवटी नाव सांगायचं.

आता विचार करा, त्या काळी या कर्ण्यासमोर गायला तयार कोण होतं? मोठे मोठे उस्ताद बिचकत होते. आपली विद्या तीन मिनिटांत कोंबायची, वर ती पानाच्या ठेल्यावर वाजणार, हे त्यांना पटेना. घरंदाज म्हणवणाऱ्या बायकांनी चारचौघांत गाणंच मुळी निषिद्ध. मग पुढे आल्या त्या ज्यांच्या नावापुढे 'जान' किंवा 'बाई' लागायचं त्या गायिका. गाणं हाच त्यांचा चरितार्थ. त्यांनी नवं यंत्र पाहिलं, त्याची नस ओळखली आणि तीन मिनिटांत राग कसा उभा करायचा, हे साऱ्या हिंदुस्थानला दाखवून दिलं.

आपल्याकडचं उदाहरण सुंदराबाई जाधवांचं. लावणी, ठुमरी, गझल, सगळ्यांत त्यांचा हातखंडा. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'मधल्या पदांच्या चाली बालगंधर्वांनी सुंदराबाईंकडून घेतल्या होत्या. १९३९ च्या प्रभातच्या 'माणूस' चित्रपटात नायकाच्या आईच्या भूमिकेत त्या दिसतात. त्यांच्या रेकॉर्डी पांढरपेशांच्या माजघरांतही वाजल्या. गंमत पाहा, ज्या दिवाणखान्यात या बाईंना पाहुणी म्हणून कोणी बोलावलं नसतं, तिथे त्यांचा आवाज मात्र खुर्चीवर ठाण मांडून बसला होता. तबकडीने जातपात, सोवळंओवळं काही मोडलं नाही. पण दार तेवढं किलकिलं केलं.

आता तबकडी उलटू आणि दुसरी बाजू ऐकू.

ही कथा फक्त आपलीच नाही. बर्लिनमध्ये १९०३ साली 'ओडियन' नावाची कंपनी निघाली. तबकडीच्या दोन्ही बाजूंना गाणं भरून ती विकायचं श्रेय हिचंच. ती पुढे लिंडस्ट्रॉम या जर्मन कंपनीच्या ताब्यात गेली. पहिल्या महायुद्धाआधी ओडियनचे लोक हिंदुस्थानातही येऊन रेकॉर्डिंग करून गेले होते. लिंडस्ट्रॉमचं अमेरिकेतलं काम पाहणारे ऑटो हाइनेमान यांनी १९१८ साली न्यूयॉर्कला नवा छाप काढला, त्याचं नाव 'ओके'. ही आद्याक्षरं त्यांच्या स्वतःच्याच नावातली! म्हणजे आपली ओडियन आणि अमेरिकेची ओके या नात्याने चुलत बहिणीच म्हणायच्या.

या ओकेने १९२० च्या ऑगस्टमध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचं 'क्रेझी ब्लूज' रेकॉर्ड केलं. काळ्या बाईचं गाणं कोण विकत घेणार, असा तोवर कंपन्यांचा समज होता. रेकॉर्ड धडाक्यात खपली आणि सगळ्या कंपन्या ब्लूजच्या मागे लागल्या. १९२३ साली ओकेचे राल्फ पीअर अटलांटाला गेले. तिथल्या एका दुकानदाराच्या आग्रहाखातर त्यांनी फिडलिन जॉन कार्सन या गावरान फिडलवाल्याला रेकॉर्ड केलं. पीअरना स्वतःला ते गाणं आवडलं नव्हतं. दुकानदाराने मात्र पाचशे प्रती मागवल्या आणि हातोहात विकल्या! आज ज्याला कंट्री म्युझिक म्हणतात, त्याच्या बाजाराची ही सुरुवात. आणि १९२५ पासून शिकागोला लुई आर्मस्ट्राँगने आपल्या चमूसह याच ओकेसाठी जॅझच्या तबकड्या केल्या.

कंपनीला समाजसुधारणा करायची होती असं समजू नका. तिला यंत्रं आणि रेकॉर्डी विकायच्या होत्या. काळ्या गायकांच्या रेकॉर्डींची यादीसुद्धा वेगळी छापायचे. पण धंद्याच्या निमित्ताने का होईना, ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांचा आवाज राहिला. तुमचे-आमचे सुंदराबाईंचे सूर राहिले, तसेच.

परत आपल्याकडे येऊ. १९३० च्या दशकात ओडियनने हिंदुस्थानात पुन्हा बस्तान बसवलं. या काळातला तिचा मोठा ठेवा म्हणजे मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. त्यांनी तरुणपणी ग्रामोफोन कंपनीसाठी गायलं होतं, पण आपण सगळे ऐकतो ते ओडियनचं गाणं. झिंझोटीतली 'पिया बिन नहीं आवत चैन', भैरवीतली 'जमुना के तीर', आणि आपल्या 'मानापमान' नाटकातलं 'प्रेमसेवा शरण'. उत्तरेतल्या किराण्याहून आलेला हा मुसलमान गवई मराठी नाट्यपद गातो आणि ते ऐकताना तो परका वाटत नाही. १९३७ साली पाँडिचेरीच्या प्रवासात, वाटेतल्या एका रेल्वे स्टेशनावर खाँसाहेबांनी देह ठेवला. ती रेकॉर्डिंग झाली नसती तर?

या प्रश्नाचं उत्तर गदगच्या एका शाळकरी पोराकडे आहे. त्याने खाँसाहेबांची झिंझोटीची रेकॉर्ड ऐकली, असंच गायचं म्हणून ध्यास घेतला आणि गुरूच्या शोधात घर सोडलं. तो पोरगा म्हणजे भीमसेन जोशी. हिंडत हिंडत शेवटी ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे पोचले. गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ पासून सुरू झालेला महोत्सव तर तुमच्यापैकी निम्म्यांनी भारतीय बैठकीवर शाल पांघरून ऐकला असेल. त्याचं एक मूळ तीन मिनिटांच्या तबकडीत आहे!

पण मंडळी, आता जरा कडू बाजू. हे आवाज दूरदूर पोचले, तसा पैसा परत गायकाच्या घरी पोचला का? बहुतेकांना एकरकमी बिदागी मिळायची. पुढे रेकॉर्ड शंभर खपो की लाख खपो, हिशेब संपला.

ओकेचाच एक दाखला देतो. मिसिसिपीतले जॉन हर्ट हे शेतमजुरी करणारे गायक. १९२८ साली ओकेने त्यांची गाणी रेकॉर्ड केली. नंतर मंदी आली, हर्ट गावी परतले आणि पस्तीस वर्षं शेतात राबले. १९६३ मध्ये एका तरुण संग्राहकाने त्यांची जुनी रेकॉर्ड लक्ष देऊन ऐकली. गाण्यात 'ॲव्हलॉन' या गावाचा उल्लेख होता. त्याने नकाशात ते गाव शोधलं, गाडी काढली आणि थेट तिथे जाऊन विचारलं. म्हातारबुवा तिथेच होते! पुढची तीन वर्षं, १९६६ साली जाईपर्यंत, ते हजारो लोकांसमोर गायले. कोणीतरी ऐकलं, एवढंच नाही. कोणीतरी चौकशी केली. मला वाटतं, आजच्या कार्यक्रमाचा सगळा अर्थ या चौकशीत आहे.

आपल्याकडेही अशी चौकशी करणारी माणसं आहेत. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या बाजारातून, अडगळीतून तबकड्या वाचवल्या, त्यांच्यावर लिहिलं, त्या लोकांना ऐकवल्या. आणि अभिमानाने सांगावं असं म्हणजे, आपल्या या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या मायकेल किनिअर यांनी हिंदुस्थानी तबकड्यांच्या याद्या करण्यात कित्येक वर्षं घातली. १९९४ साली त्यांचं ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांवरचं पुस्तक मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढलं आणि २००३ साली अब्दुल करीम खाँसाहेबांवरचं 'संगीतरत्न' आलं. मिरजेच्या गवयाच्या एकेका तबकडीचा नंबर या देशात बसून कोणी लिहून ठेवतो, मग आपण काय करतो?

एक शेवटची गोष्ट. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानं सोडली. त्यांच्यावर पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तीत आर्मस्ट्राँगचं १९२७ मधलं ओकेचं गाणं आहे. इथल्या अर्नहेम लँडमधल्या आदिवासींची गाणी आहेत. आणि भैरवीतली 'जात कहाँ हो' आहे, गायिका गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर! रेकॉर्डिंगला सहजासहजी राजी न होणाऱ्या, कलावंत घराण्यात जन्मलेल्या केसरबाई. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गेल्या. व्हॉयेजर २ दक्षिण दिशेला गेलेलं असल्यामुळे त्याला आज्ञा पाठवायचं काम कॅनबेराजवळच्या टिडबिनबिलाच्या ७० मीटर अँटेनाकडे आहे. म्हणजे केसरबाईंच्या गाण्याशी संपर्क ठेवणारा दूरध्वनी आपल्याच देशात आहे म्हणा ना!

तेव्हा दोन विनंत्या करतो आणि बसतो.

पहिली. घरी कपाटात आजीच्या ओव्या, वडिलांची भजनं, गावच्या कीर्तनाच्या कॅसेटी पडल्या असतील. टेप चिकटायच्या आत त्या उतरवून घ्या. आणि नवं काही रेकॉर्ड कराल तेव्हा गौहरजानबाईंची युक्ती वापरा. गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख शेवटी मोठ्याने सांगायला लावा. पन्नास वर्षांनी तुमच्या नातवंडांना 'ही कोण गातेय?' असं विचारायची वेळ येऊ नये.

दुसरी विनंती दाराशी ठेवलेल्या पेटीबद्दल. ज्या गाण्यावर आपण वाढलो, ते बहुतेक वेळा आपल्याला फुकटात मिळालं. रेडिओवर, शेजारच्या गणपतीत, लग्नाच्या मांडवात. ढोलकीवाले, सारंगिये, तमाशातल्या गायिका, ज्यांची नावं तबकडीवर आली आणि ज्यांची कधीच आली नाहीत, अशांपैकी कित्येकांचं म्हातारपण कठीण गेलं, आजही जातं. म्हणून पेटीत टाकाल त्याला मी देणगी म्हणत नाही. बिदागी म्हणतो. उशिरा पोचणारी, पण पोचणारी.

पाच बाजू संपल्या.