लाखमोलाचा माणूस आणि मोलकरीण

आजचा एपिसोड एकाच शब्दावर आहे. इंग्रजीतला 'वर्थ', आणि त्याचा मराठीतला सगळ्यात जवळचा भाऊ 'मोल'. मी काही भाषेचा प्राध्यापक नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस. पण सध्या अप्रेझलचा सीझन चालू आहे आणि फीडवर जो तो सांगतोय, 'नो युअर वर्थ'. म्हटलं, हा वर्थ जुन्या पुस्तकांत कसा वापरलाय ते बघूया.

सुरुवात मोल्सवर्थपासून करू. जेम्स मोल्सवर्थ या साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. आजही शब्द अडला की आपण तोच उघडतो. गंमत बघा, त्याच्या आडनावात 'मोल' पण आहे आणि 'वर्थ' पण! अर्थात हा निव्वळ योगायोग. इंग्रजी गावांच्या नावांतला 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, किमतीशी त्याचं काही नातं नाही.

किमतीवाला वर्थ भेटतो तो इंग्रजी कादंबऱ्यांत. तिथं एखादा माणूस इतक्या पौंडांना 'वर्थ' आहे म्हटलं, की अर्थ एकच, त्याची मालमत्ता तेवढी आहे. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) डार्सी नाचाच्या कार्यक्रमात येतो, आणि त्याचा स्वभाव कुणाला कळायच्या आत वर्षाला दहा हजार पौंडांची बातमी हॉलभर फिरते. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये तर शायलॉक अँटोनियोला 'चांगला माणूस' म्हणतो आणि लगेच खुलासा करतो, की चांगला म्हणजे कर्ज फेडू शकेल असा. आपल्याकडे याला 'पत' म्हणतात. अर्थात त्याच इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे गुणवत्ता हाही अर्थ आहे. एकाच व्हेरिएबलमध्ये कधी आकडा, कधी चारित्र्य.

आता मराठीत या. आपण म्हणतो, 'माणूस लाखमोलाचा आहे हो!' हे ऐकून त्याच्या बँकेत लाख रुपये आहेत असं कुणाला वाटतं का? उलट, बहुतेक वेळा त्याच्या खिशात काही नसतं म्हणूनच आपण तसं म्हणतो. आकडा आहे, पण मोजायचं काहीच नाही. 'अमोल' हे नाव तर त्याच्याही पुढचं, ज्याला किंमतच लावता येत नाही असा. माझ्या शाळेच्या वर्गात तीन अमोल होते!

म्हणजे इंग्रजी हिशेबी आणि मराठी उदार, असं झालं का? थांबा, इतकं सोपं नाही.

संस्कृतातल्या 'मूल्य'चाच झिजून 'मोल' झाला. पण जुन्या मराठीत मोल म्हणजे मजुरीसुद्धा. तुकोबांच्या एका अभंगात मोल देऊन रडायला बसवलेल्या माणसांचं चित्र येतं. काम होतं, पण डोळ्यांत पाणी नाही आणि आत माया नाही. त्यांना नेमकं माहीत होतं, मोलाने काय मिळतं आणि काय मिळत नाही. हा वाण्याच्या दुकानात बसलेला माणूस आहे, तराजू त्याच्या हातातला.

पुढचं उदाहरण आपल्या नाशिकशी जोडलेलं आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा', १८९९ चं. कांचनभट पैशांसाठी आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्याला द्यायला निघतो. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात याच नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेंनी गोळ्या घातल्या. त्यामुळे नाशिककरांना 'शारदा' आठवतं ते त्या रात्रीमुळे. पण नाटक वाचाच. त्यात लग्न मोडतं ते वर आणि वधू एकाच गोत्राचे निघतात म्हणून. मुलीला किंमत लावणं चूक आहे, एवढं कारण त्या मांडवात पुरेसं ठरत नाही! देवलांनी आपल्या समाजाला याहून मोठा आरसा दाखवला नसेल.

आणि आता तो शब्द, ज्यासाठी हा एपिसोड केला. 'मोलकरीण'. फोड करा. मोलकरी म्हणजे मोल घेऊन काम करणारा, आणि त्याचं स्त्रीलिंग मोलकरीण. शब्दात कमीपणाचं काहीच नाही. पण झालं काय, की पुरुष 'मोलकरी' बोलण्यातून जवळपास गेला. तो मजूर झाला, कामगार झाला, एम्प्लॉयी झाला. बाई तेवढी तिथेच राहिली, आणि आपण त्या शब्दाला असा वास लावला, की आता तो तोंडावर उच्चारायला संकोच वाटतो. मग 'मावशी', 'ताई' म्हणायचं. नातं जोडलं की बोनसचा विषय निघत नाही, हेही त्यात आलंच. राज्याने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यात शब्द आहे 'घरेलू कामगार'. मला तो आवडतो, कारण त्यात नातं नाही, हक्क आहे.

म्हणजे एकाच 'मोल'ने अमोलला डोक्यावर घेतलं आणि मोलकरणीला उंबऱ्याबाहेर बसवलं. शब्द दोघांनाही एकच होता, भाव आपण ठरवला.

व्युत्पत्तीच्या हिशेबाने सांगायचं तर दर महिन्याला पगार घेणारा मीसुद्धा मोलकरीच. फरक एवढाच, की माझ्या मोलाला 'पॅकेज' म्हणतात, त्याची स्लिप येते, आणि ते वाढवून मागितलं तर लोक शाबासकी देतात. तीच मागणी मावशींनी केली की 'हल्ली फार भाव वाढलेत यांचे' असं होतं.

तेव्हा या अप्रेझलला आपला वर्थ जरूर मागा, हक्काने मागा. फक्त तो आकडा मजुरीचा आहे, माणसाचा नाही, एवढं लक्षात असू द्या. आणि तुमच्या घरी कामाला कोणी येत असेल, तर त्यांचं अप्रेझल शेवटचं कधी झालं, तेही या महिन्यात बघा.

भेटू पुढच्या भागात, पुढचा शब्द घेऊन.