कायले पायजे टेप?



बिघडलेली वस्तू आधी आपणच खोलून पाहायची, ही खोड आपल्याकडे घरोघरी आहे. पंखा कुरकुरला, मिक्सरचं बटण अडकलं की मेकॅनिकच्या आधी पेचकस निघतो. त्याच्या मागोमाग टेप.

सोनाळ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात दुकानात जाऊन नुसतं ‘भाऊ, टेप द्या’ म्हणून पाहा. समोरून विचारणा होते, ‘कायले पायजे? वायरले का खोक्याले?’ मला हा प्रश्न फार शहाणा वाटतो. टेपची नावं कामावरून पडलेलीच बरी. वायरचा टेप, खोक्याचा टेप, वहीचा टेप, नळाचा टेप. त्यातल्या नळाच्या पांढऱ्या टेपला तर गोंद मुळीच नसतो, तरी तो टेपच!

कंपन्यांनी नावं ठेवली ती वेगळ्याच हिशेबानं. अमेरिकेत रिचर्ड ड्रू यांनी 1925 मध्ये मोटारींच्या रंगकामासाठी मास्किंग टेप काढला. गोंद फक्त कडेला लावलेला पाहून एक रंगारी ‘स्कॉच’, म्हणजे चिक्कू, असं खेकसला आणि तेच नाव मालाला चिकटलं, असं सांगतात. पारदर्शक टेप 1930 चा. पुढे 1937 मध्ये इंग्लंडात सेलोटेप आला. ‘सेलोफेन’ हे नाव दुसऱ्याच्या मालकीचं, म्हणून पहिलं इंग्रजी अक्षर तेवढं बदललं. देवनागरीत ती चलाखी दिसतही नाही.

आपण मात्र दिसेल त्या चिकटपट्टीला सेलोटेप म्हणू लागलो. घोळ इथेच होतो. ‘वायर सोलली गेली, सेलोटेप लाव’ असं घरातलं मोठं माणूस म्हणतं आणि पोरगं दप्तरातला वहीचा टेप आणून गुंडाळतं. तो ताणला जात नाही, जोडावर लपेटून बसत नाही. वऱ्हाडातल्या एका उन्हाळ्यात पिवळा पडून सुटतो, आणि खाली तार उघडी.

वायरचा टेप पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी मुळात कडक. त्यात मऊ करणारं द्रव्य मिसळलेलं असतं, म्हणून तो ताणला जातो. हाच गुण कामाचा. तारा साफ करून घट्ट पिळा. शाबूत आवरणावरून सुरुवात करा, टेप ताणत न्या, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. पलीकडच्या आवरणावर पोचलात की तसेच परत या. शेवटचा वेढा मात्र न ताणता, सैल हातानं दाबून बसवा. ताणून सोडलेलं टोक मागे सरकतं, मग त्यावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत ते लोंबू लागतं.

विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरणाऱ्या केबलला एवढ्यानं भागत नाही. तिथे आधी रबरी टेप लागतो. तोही बिनगोंदाचा, ताणून गुंडाळला की स्वतःलाच धरून एकजीव होतो. त्यावर पीव्हीसीचे वेढे.

आणि लाईट गेली आहे एवढ्या भरवशावर हात घालू नका. मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, टेस्टर लावून पाहा. स्टार्टरला ऑटो बसवलेला असेल तर तोही बंद करा. शेतातली लाईट रात्री-बेरात्री कधीही येते, आणि ऑटोवरची मोटार कोणाला विचारून सुरू होत नाही.